खटपटे लोक आणि आपल्या अडचणी



रुमिकूब माहीत नाही असं घर इस्रायलमध्ये शोधून सापडायचं नाही. आपल्या लोकांच्या मोअदोनमध्ये तर चहा येण्याआधी सोंगट्यांची पेटी टेबलावर येते. पण हा खेळ कुठल्या मोठ्या कारखान्यात जन्मला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. रुमानियात जन्मलेले एफ्राइम हर्त्झानो नावाचे आपले एक ज्यू गृहस्थ, त्यांनी तो शोधला. पत्त्यांच्या रमीला त्यांनी सोंगट्यांचं रूप दिलं, पहिले संच घराच्या मागच्या अंगणात घरच्या माणसांना हाताशी घेऊन बनवले आणि दारोदार फिरून विकले. छोट्या दुकानांत संच ठेवून यायचे, विकला गेला तर पैसे घ्यायचे. चार रंगांच्या एकशे चार सोंगट्या आणि दोन जोकर, एवढाच पसारा. तोच खेळ पुढे १९८० साली जर्मनीत त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ ठरला.

आज आम्हाला अशाच लोकांबद्दल लिहायचं आहे. नोकरीधंदा सांभाळून, फावल्या वेळात, स्वैपाकघराच्या टेबलावर नाहीतर मागच्या खोलीत हे लोक काहीतरी जोडत-तोडत बसतात. कुणाची तरी एक अडचण असते, ती यांच्या डोक्यात बसते, आणि ती सुटेपर्यंत यांना झोप लागत नाही. वस्तू तयार झाली की ती कशी केली हेही चार लोकांना सांगून मोकळे होतात. आमच्या नातवंडांच्या तोंडी यांना ‘मेकर’ म्हणतात. आम्ही ‘खटपटे’ म्हणतो. आपल्या मराठीत इतका चांगला शब्द असताना दुसरा कशाला?

आमचं सगळं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं. शाळा माझगावची सर एली कदूरी, नर्सिंगचं शिक्षण मुंबईतच, आणि इकडे आल्यावर तेच सगळं पुन्हा हिब्रूत. दोन्हीकडच्या वॉर्डांत एक गोष्ट सारखीच दिसली. नर्सबाई थोडीफार खटपटी असल्याशिवाय तिचं चालतच नाही. संधिवाताने बोटं वाकलेल्या पेशंटला चमचा धरता येत नाही, कारण दांडा बारीक आणि मूठ पुरती मिटत नाही. त्या दांड्याला बँडेज गुंडाळून तो जाड केला की तोच माणूस आपल्या हाताने जेवतो. मान मागे वाकत नसेल तर पेल्याने पाणी पिता येत नाही, कारण पेला कलता केला की कड नाकाला अडते. प्लॅस्टिकच्या पेल्याची नाकाकडची बाजू अर्धचंद्रासारखी कापायची, कड घासून गुळगुळीत करायची, झालं काम. असे पेले आता दुकानात विकत मिळतात. आम्ही ते कात्रीने करत होतो. ही विद्या दिवसपाळीच्या बाईने रातपाळीच्या बाईला सांगायची आणि एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जायची, अशीच ती पसरली.

चमचा ही फार छोटी बाब वाटेल तुम्हाला. पण दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यायची लाज वाटते म्हणून ‘पोट भरलं’ असं खोटंच सांगणारी किती माणसं आम्ही पाहिली! चार घास कमी खातात, वजन उतरतं, अंगातली शक्ती जाते, आणि मग एक दिवस न्हाणीघरात पडतात. मुलगा म्हणतो, आई पाय घसरून पडली. खरं तर ती चमच्यापायी पडलेली असते.

खटपट्या माणसाचं इथलं सर्वांत मोठं उदाहरण आम्ही देऊ ते एका पट्टीचं. जखमेतून रक्त वाहत असेल तर पहिला उपाय दाब, हे शाळेतल्या प्रथमोपचारातही शिकवतात. जुन्या लष्करी पट्टीत मध्ये कापसाची गादी आणि दोन्हीकडे बांधायचे बंद असत. कितीही घट्ट गाठ मारली तरी नेमक्या जखमेवर दाब येईल याची खात्री नसे. बर्नार्ड बार-नातान नावाचे अमेरिकेतून इथे आलेले एक गृहस्थ १९८०च्या दशकात सैन्यात प्रथमोपचाराचं शिक्षण घेत होते. त्यांच्या हातात पडलेल्या पट्ट्या दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्याच घडणीच्या होत्या, आणि दाब वाढवायला जमिनीवरचा एखादा दगड उचलून त्यावर बांधा, असं शिकवत. दगड! जखमेवर! आम्हा नर्सबायकांना ऐकूनच शहारे येतात.

बार-नातान यांच्या डोक्यात तो दगड बसला. दगडाचं काम पट्टीनेच का करू नये? त्यांनी गादीच्या वर प्लॅस्टिकचा एक आकडा बसवला. पट्टीचा एक वेढा द्यायचा, ती आकड्यात अडकवायची आणि उलट दिशेने ओढायची. त्याबरोबर आकडा खाली दाबला जातो तो बरोबर जखमेवर. शेवटाला एक चाप आहे, त्यामुळे गाठ मारायला नको. जखमी माणूस एकटा असला आणि एकच हात धड असला तरी स्वतःला बांधू शकतो. ही पट्टी शिवायचं काम पुढे गालिलातल्या एका बेदूइन कारखान्यात होऊ लागलं. १९९०च्या दशकात बोस्नियातल्या नाटो सैनिकांनी ती वापरली. आता तिला जगभर ‘इस्रायली बँडेज’ म्हणतात. २०११ साली अमेरिकेत टूसॉन शहरात गोळीबार झाला तेव्हा तिथे धावलेल्या पोलिसांच्या प्रथमोपचार पिशव्यांत हीच पट्टी होती.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एका हाताची गोष्ट. मराठी वाचता येत नसेल तर साफ्ताकडून वाचून घ्या.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला रिचर्ड व्हॅन आस नावाचे एक सुतार आहेत. २०११ साली करवतीच्या यंत्रावर काम करताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. सुताराची बोटं म्हणजे त्याची भाकरी! कृत्रिम बोटांच्या किमती ऐकून त्यांनी ठरवलं, आपणच बनवू. त्याच सुमारास अमेरिकेत आयव्हन ओवेन नावाच्या एका कलाकाराने गंमत म्हणून एक भलामोठा यांत्रिक पंजा बनवला होता. दोऱ्या ओढल्या की त्याची लांबलचक बोटं हलायची. वेषांतराच्या पोशाखासाठी केलेली वस्तू ती, तिने कुणाचं काही अडलेलं सुटत नव्हतं. त्याचं चित्रण ओवेन यांनी लोकांना बघायला ठेवलं. ते या सुताराने पाहिलं आणि त्यांना पत्र घातलं. एकजण या खंडात, दुसरा त्या खंडात. महिनोनमहिने दोघं नुसते निरोपांवर काम करत होते.

सुताराचं बोट होईपर्यंत त्यांच्याकडे एक आई आली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला जन्मतःच एका हाताला बोटं नव्हती. त्याच्यासाठी दोघांनी पूर्ण हात करायला घेतला. शोधताना त्यांना एक फार जुना दाखला सापडला. १८४०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे एका दंतवैद्याने एका सैनिकासाठी देवमाशाच्या हाडाचा हात केला होता. त्यात तातीच्या दोऱ्या आणि छोट्या कप्प्या होत्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली खटपट अशी उपयोगाला आली.

हा हात चालतो कसा, ते बघा. तुमचं मनगट खाली वाकवा. आता समजा मनगटापासून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत दोरी बांधली आहे. मनगट वाकलं की दोरी ताणली जाते आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की रबर बोटांना परत उघडतं. बॅटरी नाही, मोटर नाही. मनगट मात्र चांगलं हवं, नाहीतर हा हात कामाचा नाही.

त्याचे भाग थ्री-डी प्रिंटरवर काढतात. सोऱ्यातून चकली पडते ना, तसंच हे यंत्र. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक तार पडते, थरावर थर बसतो आणि वस्तू उभी राहते. लहान मुलांच्या बाबतीत याचा मोठा फायदा. मूल वाढतं, वर्षभरात हात लहान पडतो. महागडा हात दरवर्षी कोण घेऊन देणार? इथे माप वाढवायचं आणि नवा हात काढायचा.

आणि मग त्या दोघांनी जे केलं त्याचं आम्हाला सर्वांत कौतुक वाटतं. २०१३ साली त्यांनी या हाताची सगळी मापं आणि आकृत्या लोकांना फुकट देऊन टाकल्या. ज्याला हवं त्याने बनवावं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉन शल नावाच्या प्राध्यापकांनी ज्यांच्याकडे यंत्र आहे आणि ज्यांना हात हवा आहे अशांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘ईनेबल’ नावाचा स्वयंसेवकांचा मोठा गोतावळा उभा राहिला. आपल्या हैफातही असे हात बनवणारे स्वयंसेवक आहेत.

इस्रायलमध्ये ही परंपरा जुनी आहे. १९८१ साली ‘मिल्बत’ ही संस्था सुरू झाली. अपंग माणसाची अडचण बाजारातल्या कुठल्याच वस्तूने सुटत नसेल, तर स्वयंसेवक त्याच्या एकट्यासाठी वस्तू बनवतात. २०१४ साली ‘तिक्कून ओलाम मेकर्स’ नावाचा उपक्रम निघाला. त्यात अपंग माणूस आणि खटपटे लोक दोन-तीन दिवस एकाच टेबलाशी बसतात आणि वस्तूचा पहिला नमुना तयार करतात. त्या अपंग माणसाला तिथे ‘पेशंट’ म्हणत नाहीत, ‘गरज जाणणारा’ म्हणतात. हे नाव आम्हाला फार पटलं. कारण आमच्या शेजारीच त्याचा पडताळा आला.

आमच्या इमारतीत आपल्याच समाजातल्या एक बाई राहतात, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. दर मंगळवारी रुमिकूबला न चुकता यायच्या. गेल्या हिवाळ्यात यायच्या बंद झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, वेळच मिळत नाही.’ वेळ! घरात एकट्या, दुपारभर टीव्हीसमोर. त्यांचा नातू तेरा वर्षांचा, शाळेतल्या थ्री-डी प्रिंटरवर हात बसलेला. आजीचा हात थरथरतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने सोंगट्या ठेवायला एक घोडी बनवली. निळी, दोन्ही कडांना मागेन दाविद, बघतच राहावी अशी! आजी म्हणाली, ‘याफे, मोतेक, याफे.’ आणि घोडी गेली काचेच्या कपाटात, शब्बाथच्या पेल्यांशेजारी. बाई मंगळवारी आल्या नाहीत ते नाहीतच.

पोरगा हिरमुसला. आमच्याकडे येऊन म्हणाला, ‘साफ्ताला आवडली नाही.’ आम्ही त्याला म्हटलं, ‘अरे, आवडली. पण तू तिला विचारलंस का, अडतं कुठे? एक काम कर. तिच्याशेजारी बस आणि एक डाव नुसता बघ. मध्ये बोलायचं नाही.’ आम्ही दोघी खेळायला बसलो, पोरगा वही घेऊन बाजूला.

अर्ध्या तासात त्याच्या वहीत तीन गोष्टी होत्या. सोंगटी उचलताना आजीचा हात घोडीला लागतो आणि घोडीच कलंडते. सगळ्या सोंगट्या सांडतात, सगळ्यांना तिचे आकडे दिसतात, आणि तिला ओशाळल्यासारखं होतं. दुसरं, टेबलावर सपाट पडलेली सोंगटी तिच्या नखात येत नाही, सरकत जाते. आणि तिसरं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिला लाल आणि नारिंगी यांतला फरक दिसत नव्हता. चुकीची मांडणी करायची, मग कुणीतरी हसायचं. वेळ मिळत नव्हता तो यासाठी!

घोडीचं काम सोपं होतं. त्याने तिचा तळ रुंद केला आणि आत लोखंडी पट्टी घातली, आता धक्का लागला तरी हलत नाही. नारिंगी सोंगट्यांवर आकड्याखाली काळा ठिपका दिला. (पुढच्या बाजूला हं! मागे दिला तर ती लबाडी.) सरकणाऱ्या सोंगटीसाठी तो काहीतरी चिमटा काढायच्या नादात होता, पण आजीच उठली. मुंबईहून आणलेली सोलापुरी चादर तिने चौघडी करून टेबलावर पसरली. कापडात कड जरा रुतते, एका बाजूला बोट दाबलं की सोंगटी उभी राहते. तिन्ही उपायांत हा सर्वांत उत्तम, आणि त्याला यंत्र लागलं नाही की पैसा.

रंगांची गोष्ट मात्र आमच्यातल्या नर्सने तिथेच सोडली नाही. कुपात होलिममध्ये डोळे तपासायला लावले. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, आता ठिपक्याची गरज नाही, पण त्या ठिपके पुसू देत नाहीत. मंगळवारी सर्वांच्या आधी येऊन बसतात आणि आम्हाला हरवतात, तेही दया न करता.

आता थोडं कडू बोलतो, कारण नुसतं कौतुक करणं आमच्या स्वभावात नाही. घरी बनवलेली प्रत्येक वस्तू चांगलीच असते असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खाली रबरी रिंग देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. हेतू चांगलाच. पण आज नर्सिंगच्या शिक्षणात ती देऊ नका असंच सांगतात. रिंगच्या कडेवर दाब येतो, मधल्या कातडीला रक्त कमी पोचतं, आणि जी जखम टाळायची तीच होते. म्हणून अंगाला टेकणारी कुठलीही वस्तू, मग तो प्लॅस्टिकचा हात का असेना, पहिले काही दिवस थोडा वेळच घालायची आणि काढल्यावर कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर वस्तू परत खटपट्याकडे. प्रिंटरवर काढलेला चमचा तोंडात घालायला आम्ही देणार नाही. त्याच्या थरांच्या खाचांत अन्न बसतं आणि धुतलं तरी निघत नाही. न्हाणीघरातला धरायचा दांडा भिंतीत स्क्रूने पक्का करणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. तिथे नातवाची हौस नको.

आणि औषधं. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडत नसेल तर झाकणाला जाड रबरबँड गुंडाळा, पकड येते. गोळ्या काढून दुसऱ्या डबीत ओतू नका. काही गोळ्यांना हवा लागली की त्या बिघडतात. शिवाय ते घट्ट झाकण नातवंडांसाठीच असतं. हात फारच दुखत असतील तर औषधाच्या दुकानात विचारा.

त्या रुमिकूबनंतर मोअदोनच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला आहे. ज्याला जे अडतं ते त्याने लिहायचं, हिब्रूत नाहीतर मराठीत. दर मंगळवारी पाच वाजता शाळेची चार-पाच मुलं येतात आणि यादी वाचतात. सुईत दोरा जात नाही. पाठीची चेन लावता येत नाही. किल्ली फिरत नाही. चालण्याच्या काठीला टेकवायला जागा नाही, सारखी पडते. कुणीतरी लिहिलं होतं, नारळ खवताना मनगट भरून येतं. इथे जन्मलेल्या मुलांना विळी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, एका आजीला घरून आणून दाखवावी लागली. एका ओळीवर मुलं अडली. अक्षर मराठीत होतं, म्हणून आमच्याकडे आली. आम्ही वाचलं, ‘घरात मराठी बोलायला कोणी नाही.’ मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यांतली एक मुलगी म्हणाली, ‘हे प्रिंटरवर होणार नाही.’ आणि पेन्सिलीने त्या ओळीपुढे तिने आपलं नाव लिहिलं. तिला स्वतःला मराठीचे दहा शब्द येत असतील, त्यांत पाच खाण्याचे.

किल्लीला मोठा कान बसवून झाला आहे, काठीला रबराची चिमटी झाली आहे. चेनला सेफ्टी पिनने लांब फीत अडकवायची असं ठरलं, ते आमच्या कात्रीच्या काळातलंच काम. खवणीचं अजून जमत नाही. कागद दाराजवळ आहे आणि पेन्सिल दोरीला बांधली आहे. येताना जी वस्तू अडते ती बरोबर आणा, नुसतं सांगून मुलांना कळत नाही. नारळ आणलात तर दोन आणा, मुलं एक खातात.